पुस्तक न लिहिलेला कॅप्टन

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी तमीळ असेल, तर त्याला ‘एमडन’ म्हणजे काय ते विचारा. महाबिलंदर, सहज हाती न लागणारा माणूस, असं काहीसं उत्तर येईल. हे मुळात एका जर्मन युद्धनौकेचं नाव. तिचा कॅप्टन होता कार्ल फॉन म्युलर.

१८७३ साली हॅनोव्हरमध्ये जन्मलेला म्युलर १८९१ मध्ये नौदलात गेला. पूर्व आफ्रिकेत असताना त्याला मलेरिया झाला आणि तो आयुष्यभर मागे लागला. १९१३ मध्ये त्याच्याकडे ‘एमडन’ आली.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पूर्वेकडचा जर्मन ताफा दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघाला. म्युलरने मात्र एकट्याने हिंदी महासागरात घुसायची परवानगी मागितली. तिथे हक्काचं एकही बंदर नव्हतं. सोबत कोळशाचं एक जहाज, बाकी कोळसा शत्रूकडूनच मिळवायचा! ‘एमडन’ला तीन धुरांडी होती. चौथं खोटं उभारलं, की लांबून ती ब्रिटिश क्रूझर वाटायची. तीन महिन्यांच्या आत त्याने वीसहून जास्त व्यापारी जहाजं पकडली. जहाज बुडवण्याआधी तो त्यावरची माणसं उतरवून घ्यायचा आणि नंतर सुखरूप सोडून द्यायचा. ब्रिटिश पेपरांतही त्याचं कौतुक छापून आलं.

पण लगेच त्याला हिरो करू नका. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री त्याने मद्रासवर शंभराहून जास्त तोफगोळे डागले. बर्मा ऑइलच्या टाक्या पेटल्या, माणसं मेली, घाबरलेल्या हजारो लोकांनी शहर सोडलं. तमीळमधला तो शब्द या रात्रीनंतरचा.

९ नोव्हेंबरला म्युलर कोकोस बेटांवर पोचला. तिथलं वायरलेस आणि केबल केंद्र तोडायला त्याने फॉन म्युके या अधिकाऱ्यासोबत पन्नासेक माणसं उतरवली. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ येऊन धडकली. तिच्या तोफा मोठ्या, पल्लाही लांब. चाळण झालेली ‘एमडन’ म्युलरने मुद्दाम प्रवाळखडकावर चढवली. झेंडा मात्र वरच राहिला. ‘सिडनी’ने पुन्हा गोळे डागले, आणखी माणसं गेली, तेव्हा कुठे झेंडा खाली आला. त्या दिवशी त्याचे १३० हून जास्त सहकारी मेले.

मग माल्टात आणि इंग्लंडमध्ये कैद. १९१७ मध्ये वीसेक कैद्यांसोबत तो पळाला, पण पकडला गेला. मलेरियाने खंगलेला म्युलर १९१८ मध्ये घरी पोचला, तोवर त्याला जर्मनीचं सर्वोच्च लष्करी पदकही मिळालं होतं.

इकडे म्युके बेटावरून एका जुन्या शिडाच्या जहाजातून निसटला होता. त्याने या सगळ्यावर दोन पुस्तकं लिहिली आणि ती धडाधड खपली. साहजिकच म्युलरलाही लोक लिही म्हणून सांगत होते. त्याने नकार दिला. सहकाऱ्यांच्या रक्तावर पैसे कमावल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं.

ट्रेकवरून खाली उतरायच्या आत आपली स्टोरी पडलेली असते. त्यात गैर काही नाही. पण म्युलरच्या गोष्टीत फक्त खोटं धुरांडं नव्हतं, तो वर राहिलेला झेंडाही होता. ते पुस्तक तुम्ही लिहिलं असतं?

११ मार्च १९२३ रोजी म्युलर वारला. वय अवघं ४९.