पंडिता रमाबाई : दुःख आणि कृपा

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे दौंड येण्यापूर्वीं केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. तेथून जवळच मुक्ति मिशनाची वस्ती आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं ती पाहिलीही असेल. ही वस्ती वसविणाऱ्या पंडिता रमाबाई यांचें चरित्र वर्गांत सांगण्याचा प्रसंग मला दरसाल येतो, आणि पुष्कळ वर्षें मी तें एकाच ठराविक रीतीनें सांगत असें : बाईंनीं फार दुःख भोगलें, त्या दुःखानें त्यांचें मन प्रभूकडे वळलें, आणि मग त्यांनीं अनाथांची सेवा केली. गोष्ट सांगावयास सोपी, आणि ऐकावयासही गोड.

गेल्या सालीं नववीच्या वर्गांतील एका मुलीनें मात्र मला अडविलें. लहानपणच्या दुष्काळांत देवांनीं हांक ऐकिली नाहीं म्हणून रमाबाईंची श्रद्धा उडाली. मग म्हातारपणीं एकुलती एक मुलगी मरण पावली तेव्हां ती कां उडाली नाहीं, असें तिनें विचारलें. त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन, रमाबाईंनीं १९०७ सालीं लिहिलेली आपल्या जीवनाची साक्ष पुन्हां वाचावयास घेतली, तेव्हां कळलें कीं मी सांगत होतों ती गोष्ट अर्धीच होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीवरील गंगामूळ या अरण्यस्थानीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि एवढ्याच अपराधाबद्दल स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. पुढें त्यांनीं रानांत आश्रम बांधला. परंतु येणाऱ्याजाणाऱ्या अतिथींच्या व विद्यार्थ्यांच्या सरबराईंत घरची संपत्ति संपली, कर्ज झालें, आणि रमा अवघी सहा महिन्यांची असतांना सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. त्या तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यांत घालून एका गड्याच्या डोक्यावर दिलें होतें. तेव्हांपासून या मुलीला स्वतःचें घर असें राहिलें नाहीं. देवळाच्या मंडपांत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावयाचें, आणि श्रोते पोथीपुढें जें फळ, धान्य अगर नाणें ठेवतील त्यावर चरितार्थ चालवावयाचा, असा हा पुराणिकांचा व्यवसाय. आईच शिक्षिका होती. मुलीनें लहान वयांतच भागवत मुखोद्गत केलें.

१८७४ पासून मद्रास इलाख्यांत अन्नाचें दुर्भिक्ष पडूं लागलें. आतां जें घडलें तें नीट ध्यानांत घ्यावें, कारण पुढील सर्व चरित्राचें मूळ येथें आहे. शास्त्रीबोवांजवळ थोडा पैसा शिल्लक होता. अंगमेहनतीची संवय कोणासच नव्हती, आणि भिक्षा मागण्याची लाज वाटे. म्हणून उरलेलें द्रव्य देवांस प्रसन्न करून घेण्याकडे खर्च झालें. उपास, प्रदक्षिणा, दानें, ब्राह्मणभोजनें, सर्व यथाविधि केलें. पैसा संपला, दागिने गेले, भांडीं गेलीं. शेवटीं रानांतील पाला खाण्याची पाळी आली. तेव्हां वृद्ध शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. मुलगा श्रीनिवास पुढें झाला. जातीचा अभिमान टाकून आपण मजुरी करतों, असें त्यानें सांगितलें. परंतु फार उशीर झाला होता. दृष्टि गेलेल्या त्या पित्यानें मरण्यापूर्वीं धाकट्या मुलीला पोटाशीं धरून, धर्मानें वागण्याविषयीं व आयुष्यभर देवाची सेवा करण्याविषयीं बजावलें. त्या वेळीं तिला सोळा वर्षें होतीं.

थोड्याच महिन्यांत आईनेंही अंथरूण धरलें. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारीं गेली. भाकरीचा तुकडा मागावयाचा होता. पण तोंडांतून शब्द निघेना, नुसते अश्रू वाहूं लागले. त्या बाईनें ओळखून भाकरी दिली. आईला ती खातां आली नाहीं. ती गेली तेव्हां प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा श्रीनिवासाचा, आणि चौथा या मुलीचा. ती उंचीनें कमी, म्हणून तिरडीचा कोपरा तिनें डोक्यावर घेतला, आणि स्मशान तर तीन मैलांवर होतें. पुढें थोरली बहीणही वारली.

मग हीं दोघें बहीणभाऊ पायीं हिंडूं लागलीं. दक्षिणेकडून थेट काश्मीरापर्यंत हजारों मैलांची ही चाल होती. पायांत जोडा नाहीं, अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं. झेलमच्या कांठीं एका रात्रीं थंडी सोसवेना, तेव्हां वाळूंत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, त्यांत निजून, कोरडी वाळू अंगावर ओढून घेऊन त्यांनीं रात्र काढली. नेमधर्म मात्र दोघांनीं सोडला नव्हता. सोडला तो विश्वास, आणि तोही एका दिवसांत नव्हे. शास्त्रांत सांगितलेलें सर्व केलें होतें, त्याचें फळ म्हणून जें सांगितलें होतें तें कोठेंच दिसलें नाहीं. हळूहळू मन रितें झालें. दुःखानें त्यांस विश्वास दिला नाहीं, होता तो नेला, हें मी वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें.

१८७८ सालीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. येथील एक गंमत विद्यार्थ्यांस आवडेल. एका ख्रिस्ती मेळाव्यास त्यांस निमंत्रण होतें. मंडळी प्रार्थनेसाठीं खुर्च्यांपुढें गुडघे टेकून डोळे मिटून बसली. या पाहुण्यांस वाटलें कीं हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत! त्यांस संस्कृत बायबल भेट मिळालें, पण त्याची भाषा व शिकवण इतकी परकी वाटली कीं तें वाचणें म्हणजे वेळ घालविणें, असें त्यांनीं ठरविलें.

१८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलांशीं जातिबंधन मोडून नोंदणी पद्धतीनें विवाह केला व त्या आसामांत सिलचर येथें राहूं लागल्या. पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सांपडलें, आणि या वेळीं तें त्यांनीं आवडीनें वाचलें. पतीला मात्र त्यांचा हा कल रुचला नाहीं. १८८१ सालीं मनोरमेचा जन्म झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें पति गेले. चोवीस वर्षांच्या आंत आईबाप, बहीण, भाऊ आणि पति!

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनापुढें साक्ष दिली, आणि १८८३ सालीं वैद्यक शिकण्याच्या हेतूनें लहान मुलीसह इंग्लंड गांठलें. कानांच्या दोषामुळें वैद्यक सुटलें. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत राहत असतां त्यांनीं लंडनांत फुलम येथें पतित स्त्रियांसाठीं चाललेलें काम पाहिलें. अशा स्त्रियांना कोणी जवळ घेतें हें त्यांस नवल वाटलें. असें कां करतां, असें विचारतां एका भगिनीनें त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथें आपण बहुधा गोष्ट संपवितों. रमाबाई मात्र संपल्या नव्हत्या. त्या प्रत्येक सिद्धांताची छाननी करीत, गुरुजनांशीं पत्रांतून वाद घालीत. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो अगदीं रास्त वाटतो. १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेस गेल्या, पुढच्या सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, निधि उभारला, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

एवढें कार्य, एवढी कीर्ति, आणि तरी आंत समाधान नव्हतें. सदन पुण्यास आल्यावर, १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या हातीं आलें. त्या गृहस्थास पाळक होऊन कित्येक वर्षें लोटल्यावर आपलें अंतःकरण पालटलें नसल्याचें कळलें होतें. तें वाचून रमाबाईंस उमगलें कीं आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाहीं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं!

याचा अर्थ मी असा लावतों. त्यांच्या वडिलांनीं देवाशीं जणुं हिशेब मांडला होता : इतके उपास, इतकें दान, आणि समोरच्या बाजूस इतकें फळ. मुलीनें ती वही फेंकून दिली, पण बाप्तिस्म्यानंतर नकळत दुसरी वही उघडली. तींत आपलें ज्ञान, आपली सेवा, आपली सचोटी मांडली जाऊं लागली. १८९१ सालीं हा हिशेबच बंद झाला. आपण कांहींएक न देतां आपला स्वीकार झाला आहे, हें त्यांस पटलें. कृपा या शब्दाचा अर्थ हाच. जेथें हिशेब नाहीं तेथें देवानें देणें बुडविलें असें म्हणावयासही जागा राहत नाहीं.

या पालटानें त्यांचा मार्ग सुखाचा झाला नाहीं. त्या आपल्या खोलींत पहांटे प्रार्थना करीत आणि दार उघडें ठेवीत; कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. शहरांत काहूर उठलें. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं संबंध तोडला व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या सद्गृहस्थांस नुसता दोष देणें मला योग्य वाटत नाहीं. मुलींच्या धर्मास धक्का लागणार नाहीं, अशा भरंवशावर त्यांनीं आपलीं नांवें दिलीं होतीं; मीही कोणाचा पालक असतों तर बेचैन झालों असतों. परंतु स्वतःच्या खोलीचें दार लावून घेण्यास बाई तयार झाल्या नाहींत.

आणि मग १८९६ उजाडलें. मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. ती बातमी ऐकतांच बावीस वर्षांपूर्वींचा पाला, आईच्या उशाशीं पडून राहिलेली ती भाकरी, सर्व पुढें उभें राहिलें. रमाबाई स्वतः तेथें गेल्या व सुमारें तीनशें मुली व बाया घेऊन आल्या. पुण्यास तेव्हां प्लेगची धामधूम. म्हणून केडगांवच्या आपल्या शेतावर त्यांनीं छपरें उभारलीं. तेंच १८९८ सालीं मुक्तिसदन झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मंडळीनें घेतलेली दहा वर्षांची हमी संपत होती. पुढील खर्चास निश्चित असें कांहींच नव्हतें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथूनही शेंकडों मुली आणल्या आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. विणकाम, तेलाचा घाणा, दुभतें, शेती, छापखाना, सर्व मुली स्वतः करीत. अंध मुलींसाठीं आणि फसलेल्या स्त्रियांसाठीं निराळीं सदनें झालीं. अन्न मागावयास गेली असतां जिला शब्द फुटला नव्हता, तिच्या घरीं आतां रोज इतक्या ताटांची पंगत बसे. दुष्काळ तोच, पण पहिल्यानें जिचा विश्वास नेला, दुसऱ्यांत तीच दुसऱ्यांची आई झाली.

उतारवयांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर हातीं घेतलें. खेड्यांतील अडाणी बाईसही तें कळावें हा हेतु. कानांनीं जवळजवळ ऐकूं येत नव्हतें. कामाचा भार मनोरमेनें उचलला होता, आणि आपल्यामागें तीच सर्व पाहील, अशी आईची अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजीं, चाळिसाव्या वर्षीं, मनोरमा गेली.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा रोख याच दिवसाकडे होता. त्या दिवशीं आईला किती रडूं आलें असेल तें आपण तर्कानेंच जाणावें. दिसतें तें इतकेंच कीं भाषांतराचें काम थांबलें नाहीं. पुढले आठ महिने, स्वतःची प्रकृति ढासळली असतांही, त्या मुद्रितें तपाशीत राहिल्या, आणि तें काम हातावेगळें झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. केडगांवच्या छापखान्यांत त्यांनीं शिकविलेल्या स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलेला तो संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.