सही आणि राजीनामा

पनवेलहून रोह्याला जाणारी गाडी आपण रोज बघतो. पण याच रोह्याचा एक मुलगा पुढे भारताचा अर्थमंत्री झाला, हे आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांना माहीत आहे? मलाही ते उशिराच कळलं. म्हणून सी. डी. देशमुखांबद्दल हे चार शब्द.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील रोह्याला वकील होते. १९१२ साली मॅट्रिकला चिंतामण मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजला गेले ते विज्ञान शिकायला! वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र असे त्यांचे विषय. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिला नंबर. 'ब्रँच बदलली, आता करिअरचं काय?' म्हणून रडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मध्य प्रांतात वीस वर्षं नोकरी केल्यावर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे गव्हर्नर झाले. त्यांच्या आधीचे दोन्ही गव्हर्नर भारतीय नव्हते. म्हणजे आपल्या नोटेवर गव्हर्नर म्हणून भारतीय माणसाची सही पहिल्यांदा आली ती त्यांची. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला ते भारतातर्फे गेले. तिथेच जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घातला गेला. फाळणीत दोन देशांचा पैसा वेगळा करायचं किचकट कामही त्यांच्याच काळातलं. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ ला आपल्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ ची स्टेट बँक, १९५६ मधलं आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण, सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं.

पण मला ते मोठे वाटतात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता झाला आणि गोळीबाराची चौकशीही होत नाही, हे त्यांना पटलं नाही. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते काही चळवळीतले पुढारी नव्हते, आयुष्यभर फायली बघणारा माणूस. गप्प बसले असते तर खुर्ची राहिली असती.

खुर्ची गेली, पण काम थांबलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिवाय मेघदूताचा मराठी अनुवादही केला. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला ते गेले.

उद्या आपल्यालाही प्लेसमेंट मिळेल, सही करायचे अधिकार मिळतील. कुठे सही करायची हे कंपनी शिकवेल. कुठे करायची नाही, हे मात्र आपलं आपणच ठरवायचं आहे.