चांदबिबी

चांदबिबी (जन्म : सुमारे इ.स. १५५०, मृत्यू : इ.स. १६००) ही प्रथम विजापूरच्या आदिलशाहीत व नंतर अहमदनगरच्या निजामशाहीत अल्पवयीन सुलतानांच्या वतीने कारभार पाहणारी राजप्रतिनिधी होती. मोगल फौजांपासून अहमदनगरचा किल्ला राखल्याबद्दल ती प्रसिद्ध आहे.

पूर्वजीवन

चांदबिबी ही हुसेन निजामशाह (पहिला) व खुंजा हुमायून यांची कन्या. हुसेनच्या मृत्यूनंतर खुंजा हुमायूनने मुलगा मुर्तजा याच्या नावे काही वर्षे राज्य चालविले होते. विजयनगरविरुद्ध दख्खनी सुलतानांची युती जुळताना चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशाहाशी (पहिला) झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण देण्यात आला.

विजापूरचा कारभार

इ.स. १५८० मध्ये अलीचा खून झाला. तो निपुत्रिक असल्याने नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला व चांदबिबी त्याची पालक झाली. सत्तास्पर्धेत किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. हबशी सरदारांच्या उठावानंतर तिची सुटका झाली. पुढे ती माहेरी परतली.

अहमदनगरचा वेढा

इ.स. १५९५ मध्ये निजामशाहीत वारसाहक्काचा तंटा पेटला. एका गटाच्या निमंत्रणावरून शाहजादा मुराद चालून आला. चांदबिबीने बालवारस बहादूर याचा पक्ष घेऊन किल्ला लढविला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा ती स्वतः शस्त्र घेऊन तेथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. इ.स. १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, परंतु राजधानी वाचली.

मृत्यू

इ.स. १६०० मध्ये शाहजादा दानियालच्या वेढ्यात प्रतिकार अशक्य दिसू लागला. बहादूर व शिबंदी यांच्या सुरक्षिततेच्या अटीवर किल्ला सोडावा, असे तिचे मत झाले. ती फितूर झाल्याची आवई हमीदखानाने उठविली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार केले. लवकरच किल्ला पडला व बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

राज्यकर्ती म्हणून स्थान

शुक्रवारच्या खुतब्यात नाव घेतले जाणे व स्वतःच्या नावे नाणी पाडणे ही मुस्लिम राज्यांत सार्वभौमत्वाची चिन्हे मानली जात. दिल्लीच्या रझिया सुलतानने (इ.स. १२३६–१२४०) स्वतःच्या नावे नाणी पाडली, चांदबिबीने मात्र दोन्ही राज्यांत बालसुलतानांच्या नावेच अधिकार चालविला. त्यामुळे तिची सत्ता सरदारांच्या निष्ठेवर अवलंबून राहिली. अहमदनगरजवळील डोंगरावर ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू प्रत्यक्षात निजामशाही वजीर सलाबतखान याची कबर आहे.