रॉबर्ट बॉइल : पवित्र शास्त्राचे व सृष्टीचे अभ्यासक

विद्या वाढली की विश्वास मावळतो, अशी भीती आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळांस वाटते. शाळेत जाणारा मुलगा विजेचे व मेघगर्जनेचे कारण विचारू लागला, की घरची वडील माणसे शंकित होतात. एखाद्या धर्मशिक्षकाच्या स्वतःच्याच मनात संशय उठला, तर तो कोणापाशी बोलावा हे त्यास कळत नाही. अशा वाचकांकरिता आम्ही रॉबर्ट बॉइल ह्या थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

रॉबर्ट यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडातील लिस्मोर येथे झाला. त्यांचे वडील कॉर्कचे अर्ल होते. ते इंग्लंडातून आयर्लंडात आले आणि तेथे अफाट जमीनजुमला मिळवून मोठे धनाढ्य झाले. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. आई लहानपणीच वारली. आठव्या वर्षी त्यांस ईटनच्या शाळेत घातले, व बाराव्या वर्षी एका शिक्षकाबरोबर जिनीव्हा शहरी पाठविले.

जिनीव्हात असता एके रात्री भयंकर वादळ झाले. विजा इतक्या कडाडू लागल्या, की शेवटचा न्यायाचा दिवसच आला असे त्या मुलास वाटले. आपण वाचलो तर देवभीरूपणाने वागू, असा निश्चय त्याने केला. परंतु सकाळी आकाश निरभ्र झाल्यावर, केवळ भयाने केलेला नवस खरा नव्हे असे त्यास वाटले. म्हणून त्या शांत उजेडात त्याने तोच निश्चय पुन्हा एकदा केला.

इतक्याने सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. पुढे फ्रान्सच्या डोंगरांतील एका निर्जन मठाच्या परिसरात गेले असता ख्रिस्ती धर्माच्या सत्याविषयीच घोर संशय त्यांच्या मनात शिरले. कित्येक महिने ते इतके खिन्न होते, की जिवाचे बरेवाईट करावे असेही विचार त्यांस येत. अखेर एके दिवशी प्रभुभोजन घेतल्यावर त्यांच्या मनास शांती मिळाली. तरी संशय पुनः पुन्हा येतच राहिले. बॉइलसाहेबांनी ते दडपले नाहीत. वाडवडिलांचा धर्म म्हणून धर्म मानणे पुरेसे नाही, त्याचा पाया स्वतः तपासून पाहिला पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

ह्याच बुद्धीने ते भाषा शिकले. नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला ती आपणांस नीट येत नाही, ह्याबद्दल आर्चबिशप अशर यांनी त्यांची कानउघाडणी केली होती. मग त्यांनी ग्रीक, इब्री, खास्दी व सुरियानी ह्या भाषांचा अभ्यास केला. त्यांची दृष्टी अधू होती, आणि बारीक अक्षरे वाचताना डोळ्यांस फार त्रास होई. तरी पवित्र शास्त्र मूळ भाषेत वाचण्यासाठी त्यांनी हे कष्ट सोसले.

सृष्टीच्या बाबतीतही त्यांची रीत हीच होती. कोणी थोर पंडिताने सांगितले म्हणून ते मानीत नसत. ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट हूक यांच्या साहाय्याने त्यांनी १६५९ साली काचेच्या भांड्यातून हवा उपसून काढणारा पंप तयार करविला. हवा काढली की आतील दिवा विझे, आणि दोऱ्याने टांगलेल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होई. हे प्रयोग त्यांनी १६६० साली प्रसिद्ध केले. त्यावर विद्वानांनी आक्षेप घेतले, तेव्हा बॉइलसाहेबांनी रागाने नव्हे, तर नव्या प्रयोगाने उत्तर दिले. एका वाकड्या काचनळीच्या बंद टोकात थोडी हवा कोंडून त्यांनी दुसऱ्या टोकाने पारा ओतला. पाऱ्याची उंची सुमारे २९ इंचांनी वाढली, म्हणजे दाब दुप्पट झाला, तेव्हा कोंडलेली हवा बरोबर अर्ध्या जागेत मावली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा आत लोटणाऱ्यास हाच अनुभव येतो. १६६२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या नियमास आजही बॉइलचा नियम म्हणतात.

पृथ्वी, आप, तेज व वायू ही चारच मूलतत्त्वे आहेत, ह्या जुन्या मतावरही त्यांनी १६६१ सालच्या एका ग्रंथात कडक टीका केली. त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असे नाही. हलक्या धातूचे सोने करता येईल, ही आशा त्यांनी जन्मभर बाळगली. परंतु काय केले व काय दिसले हे ते सविस्तर लिहून ठेवीत, म्हणून दुसऱ्यांस त्यांचे म्हणणे पडताळून पाहता येई.

त्यांस पाळकाची दीक्षा घेण्याविषयी आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. पाळक बोलतो ते पोटासाठी बोलतो असे निंदक म्हणतात. तेव्हा वेतन न घेणाऱ्याची साक्ष अधिक उपयोगी पडेल, असे त्यांस वाटले. १६८० साली रॉयल सोसायटीने त्यांस अध्यक्ष निवडले. परंतु त्या पदाची शपथ घेणे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेना, म्हणून त्यांनी तो मान नाकारला.

आपणांस जे मूळ भाषेत वाचावयास मिळाले, ते इतरांस त्यांच्या मातृभाषेत मिळावे, ही त्यांची मोठी तळमळ होती. ते काही वर्षे ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक होते. ज्या लोकांशी आपण व्यापार करितो, त्यांस शुभवर्तमानही दिले पाहिजे, असा आग्रह त्यांनी कंपनीपाशी धरला. मलायी भाषेतील चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये १६७७ साली ऑक्सफर्ड येथे छापली गेली, त्यास त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. आयरिश भाषेकरिता त्यांनी नवे खिळे पाडविले. त्या भाषेतील नवा करार १६८१ साली व जुना करार १६८५ साली बाहेर पडला. ज्या भूमीतून वडिलांनी संपत्ती मिळविली, तेथील रयतेच्या भाषेत मुलाने पवित्र शास्त्र दिले, ही गोष्ट आम्हांस विशेष स्मरणीय वाटते.

१६७० साली त्यांस पक्षाघाताचा झटका आला, तरी त्यांचे काम थांबले नाही. आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे ते लंडन येथे आपली विदुषी बहीण कॅथरीन हिच्या घरी राहिले. डिसेंबर १६९१ मध्ये ती वारली, आणि थोड्याच दिवसांत, ३१ तारखेस, बॉइलसाहेबही देवाघरी गेले. ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर व्याख्याने व्हावीत म्हणून त्यांनी मृत्युपत्रात वर्षास ५० पौंडांची तजवीज केली. ख्रिस्ती पंथांनी आपसांतील वाद त्यांत आणू नयेत, अशी अटही त्यांनी घातली.

धर्मशिक्षक बंधूंनो, तुमच्या गावातील मुलाने प्रश्न विचारला तर त्यास दटावू नका. उत्तर ठाऊक असल्यास सांगा. नसल्यास त्याच्यासह शोधा. आणि संशय तुमच्याच मनात आला, तर विश्वास गेला असे समजून खचू नका. बॉइलसाहेबांस तो जन्मभर येत होता, व त्यानेच त्यांस जन्मभर अभ्यास करावयास लाविले.