अंदमानचे डॉक्टर दिवाण सिंग

अंदमान म्हटले की आपल्या घरांत सावरकरांचे नाव निघते. त्याच सेल्युलर जेलमध्ये पुढे जपान्यांनी डॉ. दिवाण सिंग यांचा बळी घेतला, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

डॉक्टर पंजाबचे शीख, आणि कवीही. 1927 च्या सुमारास बदली होऊन ते पोर्ट ब्लेअरला आले. तेथे त्यांनी गुरुद्वारा उभारला व त्यात सगळ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. मी शिक्षक, म्हणून मला ते अधिक जवळचे वाटतात.

23 मार्च 1942 रोजी जपानी सैन्य बेटावर उतरले. मुक्तिदाते म्हणून आलेल्यांनी लवकरच हेरगिरीच्या संशयावरून साध्या माणसांना कोठडीत डांबणे सुरू केले. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक प्रमुख या नात्याने डॉक्टर लोकांची बाजू मांडत. सैनिकांसाठी आणलेल्या स्त्रियांना ठेवण्याकरिता जपान्यांनी गुरुद्वारा मागितला, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांना पकडले. अतोनात छळ झाला, पण खोटी कबुली त्यांनी दिली नाही.

30 डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला. डॉक्टर त्या वेळी त्याच गावात तुरुंगात होते. नेताजींभोवती सतत जपानी अधिकारी, सांगणार कोण?

14 जानेवारी 1944 रोजी डॉक्टरांनी तुरुंगातच प्राण सोडला. त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आजही तेथे आहे.