गळ्याचे बळ आणि पदाचा अर्थ

गायकाची थोरवी आवाजाच्या ताकदीवर मोजावी की अर्थ पोचविण्याच्या सामर्थ्यावर, हा वाद मराठी रंगभूमीइतकाच जुना आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे जीवन या वादाचे एक बोलके उत्तर आहे.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा ही नटाची पहिली गरज होती. नारायणरावांचा आवाज गोड, सुरेल आणि लवचिक होता. परंतु केवळ जोराच्या बळावर त्यांनी प्रेक्षागार जिंकले नाही. भास्करबुवा बखले यांच्या तालमीत तयार झालेल्या या गळ्याने तान घेतली, ती पात्राच्या मनःस्थितीतून. स्वच्छ शब्दोच्चार आणि नेमका ठहराव यांमुळे पद हा संवादाचाच पुढचा भाग वाटे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी कन्येच्या मृत्यूचा आघात होऊनही त्यांची भामिनी रंगमंचावर उभी राहिली.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणीने रसिकांना रागदारीची गोडी लावली. १९१९ च्या ‘एकच प्याला’मधील सिंधूने त्याहून अवघड गोष्ट साधली. भरजरी शालूंसाठी ख्यातकीर्त असलेला हा नट फाटक्या लुगड्यात उभा राहिला. मद्यपी पतीच्या संसारात होरपळणाऱ्या त्या साध्वीच्या मुखी गळ्याची आतषबाजी शोभली नसती, हे त्यांनी ओळखले होते.

याचा अर्थ आवाजाचे सामर्थ्य हा दोष ठरतो, असा मात्र नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. त्यात धैर्यधराच्या भूमिकेत ललितकलादर्शचे केशवराव भोसले उभे राहिले. त्यांचा गळा चढा, तेजस्वी आणि पल्लेदार. आणि ती धार मानी सैनिकाच्या भूमिकेला शोभणारी. त्या रात्री दोन गळ्यांची तुलना रंगली खरी. परंतु वस्तुतः दोघेही आपापल्या पात्राशी इमान राखून होते. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव निवर्तले.

बालगंधर्वांची पद्धतीही निर्दोष नव्हती. ‘वन्समोअर’च्या आग्रहापुढे नमून पदे लांबत, नाटकाचा ओघ तुटे. पुढे बोलपट आले, कर्ज वाढले, मंडळी मोडली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. पण ते त्या माध्यमात रमले नाहीत. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ध्वनिक्षेपकाने आता दुबळा आवाजही दूरवर नेता येतो. अर्थ मात्र गायकालाच पोचवावा लागतो. बळ हे साधन आहे. ते कोणत्या भावासाठी आणि किती खर्चावयाचे, याचा विवेक ही कला. गाणे शिकणाऱ्यांनी आणि त्याची पारख करणाऱ्यांनी बालगंधर्वांकडून घ्यावयाचा धडा हाच आहे.