थोरांची ओळख : डॉ. फ्रेडरिक बँटिंग



१४ नोव्हेंबर म्हणजे पंडित नेहरूंचा वाढदिवस, भारतातला बालदिन, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण त्याच दिवशी जगभर मधुमेह दिनही पाळतात, कारण त्या तारखेला आणखी एका माणसाचा जन्म झाला होता. ते म्हणजे डॉ. फ्रेडरिक बँटिंग. ज्यांच्या आजी किंवा आजोबा जेवणाआधी पोटावर सुई टोचून घेतात, त्यांनी तर हे नाव विसरूच नये.

मला त्यांची आठवण झाली ती आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या लॅब्राडोरमुळे. गेल्या उन्हाळ्यात तो भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागला, घरातच शू करू लागला आणि भरपूर खाऊनही वाळत चालला. जनावरांच्या डॉक्टरांनी निदान केले, मधुमेह. आता शेजारच्या आजी त्याचा कान गरम फडक्याने शेकतात, कडेला बारीक सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब एका छोट्या मीटरच्या पट्टीला लावतात. काही सेकंदांत साखरेचा आकडा दिसतो. कुत्रा शेपूट हलवत खाऊची वाट बघतो. हे पाहून माझी मुलगी म्हणाली की माणसांचे औषध कुत्र्याला कसे चालते? मी तिला सांगितले की गोष्ट उलटी आहे. हे औषध आधी कुत्र्यांना मिळाले, मग माणसांना. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते.

फ्रेडरिकचा जन्म १८९१ साली कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या ॲलिस्टन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच भावंडांत तो धाकटा. लाजाळू, कष्टाळू, पण शाळेत फार हुशार म्हणून कधी गाजला नाही. शुद्धलेखन तर कच्चेच! (ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळणाऱ्यांनी इथे खूश व्हायला हरकत नाही.) पुढे टोरांटोला तो डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, १९१८ साली जखमी झाला, आणि शौर्याबद्दल त्याला पदकही मिळाले.

युद्धानंतर, १९२० साली, बँटिंग यांनी लंडन नावाच्या गावी दवाखाना उघडला. हे लंडन इंग्लंडातले नव्हे, कॅनडातले. पण रोगीच येईनात! पहिल्या महिन्याची कमाई झाली फक्त ४ डॉलर. पोटासाठी ते कॉलेजात शिकवू लागले. ३० ऑक्टोबरच्या रात्री तासाची तयारी करताना त्यांनी स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला. झोप येईना. मध्यरात्री उठून त्यांनी सुचलेली कल्पना वहीत टिपून ठेवली. त्या टिपणात मधुमेह हा शब्दसुद्धा त्यांनी चुकीचाच लिहिला होता!

त्या काळी मधुमेह झालेली मुले वाचत नसत. उपाय एकच, जवळजवळ उपाशी ठेवणे. त्याने थोडे दिवस वाढत, एवढेच. स्वादुपिंड काढले की कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ सालीच जर्मन डॉक्टरांना कळले होते. म्हणजे त्या ग्रंथीत साखर आटोक्यात ठेवणारे काहीतरी आहे खास. पण ते बाहेर काढायचे कसे?

टोरांटो विद्यापीठातले प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांना फारशी खात्री वाटत नव्हती. तरी त्यांनी प्रयोगशाळा, थोडी कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा तरुण मदतनीस दिला. नाणे उडवून दोन विद्यार्थ्यांतून बेस्टची निवड झाली होती! मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. बँटिंग शस्त्रक्रिया करत आणि बेस्ट साखर मोजत. तेव्हा मीटर कुठला! रक्त काढायचे, त्यात रसायने घालायची, तापवायचे आणि रंगावरून साखर ठरवायची.

उकाडा भयंकर होता. एकामागून एक कुत्री मेली. पण ३० जुलैला ४१० क्रमांकाच्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा अर्क टोचला, आणि तासाभरात त्याची साखर, आजच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर, २०० वरून १२० वर आली. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा मेला, पण वाट सापडली होती.

मग आला ९२ क्रमांकाचा पिवळसर कोली कुत्रा. तो वीस दिवस जगला. बँटिंग यांचा त्याच्यावर फार जीव जडला होता. युद्धात माणसे मरताना पाहिलेला हा डॉक्टर त्या कुत्र्यासाठी मात्र रडला. पुढे मार्जरी नावाची कुत्री अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. शेतकऱ्याच्या मुलाला मग सुचले की खाटिकखान्यातल्या वासरांच्या स्वादुपिंडातूनही अर्क काढता येईल.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते साधले नाही, अर्क शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि साखर उतरली! लेनर्ड आणखी तेरा वर्षे जगला.

१९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टला वगळले म्हणून बँटिंग चिडले आणि त्यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा त्याला दिला. मॅक्लाउड यांनीही कॉलिपना दिला. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. कोट्यधीश होता आले असते! बँटिंग यांना चित्रकलेचाही नाद होता. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये विमान अपघातात ते गेले. वय अवघे ४९.

मीटर ते पाहू शकले नाहीत. पहिला मीटर १९७० साली आपल्या शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एल्खार्टच्या कंपनीने काढला. तो तेव्हा बराच जड होता. आता कुत्र्यांसाठी वेगळे मीटर मिळतात. माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, कुत्र्याची मात्र बहुतेक पेशींबाहेरच्या द्रवात. त्यामुळे माणसांचा मीटर कुत्र्याची साखर बहुधा खरी असते त्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून पालकांनो, घरच्या आकड्यावरून औषध स्वतःच बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गंमत. कुत्र्याचे आणि डुकराचे इन्सुलिन अगदी सारखे असते. म्हणून कुत्र्यांना डुकराचे इन्सुलिनही देतात.

त्या कुत्र्यांना कोणी विचारले नव्हते. ते योग्य होते का? घरी आई-बाबांशी जरूर बोला. माझे मत एवढेच की ज्यांनी आजोबांना वाचवले, त्यांच्या वंशजाला म्हातारपणी औषध मिळते, तेव्हा जुने कर्ज थोडे फिटते.

शब्दार्थ : स्वादुपिंड – पोटातली एक ग्रंथी, जिच्यात इन्सुलिन तयार होते. अर्क – काढलेले सार. आटोक्यात – ताब्यात. वंशज – नंतरच्या पिढीतले.

पुढच्या रविवारी सांगा : १) पहिल्या महिन्यात बँटिंग यांची कमाई किती? २) बेस्टची निवड कशी झाली? ३) ९२ क्रमांकाच्या कुत्र्याला तुम्ही काय नाव दिले असते, आणि का?